मधाच्या टोपलीतलं झाड

यवतमाळच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे, की दिवाणखान्यातल्या रबर प्लांटला रोज न चुकता पाणी घालते, ऊन लागू देत नाही, नवतपा लागल्यापासून तर कुंडी कूलरच्या अगदी समोर ठेवली आहे, तरी खालची पानं पिवळी पडून एकेक करून गळताहेत. शिवाय हे झाड हवा शुद्ध करतं म्हणून घेतलं होतं, ते खरं का?

रोज पाणी, ऊन नाही, कूलरसमोर. तिन्ही गोष्टी मायेपोटी केलेल्या, आणि तिन्ही या झाडाला नकोशा. का नकोशा, हे कळायला त्याच्या माहेरी जावं लागेल.

आधी एक गैरसमज दूर करू. टायरचं रबर देणारं झाड ते हे नव्हे. ते हेविया, एरंडाच्या कुळातलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. आपल्या कुंडीतला फायकस इलॅस्टिका हा वड, पिंपळ, उंबर यांचा भाऊबंद आणि ईशान्य भारतातला, थेट आपल्या देशातला. विज्ञानाच्या पोथीत त्याची नोंद झाली ती मात्र एका मधाच्या टोपलीमुळे.

कोलकात्याजवळच्या शिवपूर वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते विल्यम रॉक्सबर्ग. १८१० च्या अखेरीस सिल्हेटहून मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी त्यांच्याकडे मध पाठवला. उत्तरेकडच्या जैंतिया डोंगरांतून आला तसाच, तिथल्याच भांड्यात. भांडं म्हणजे वेताच्या कामट्यांची ओबडधोबड टोपली. मध टोपलीत घातला तर गळायला हवा. इथे थेंब गळत नव्हता. आतून कुठल्याशा झाडाच्या चिकाचा लेप दिला होता. पेढ्यांचा पुडा हातात पडावा आणि माणूस पुड्याचा कागदच वाचत बसावा, तसे रॉक्सबर्ग मध सोडून लेपाच्या मागे लागले. तो लेप रबराचा निघाला! त्यांनी झाडाचा शोध घ्यायला सांगितलं, आणि १८१४ साली छापलेल्या उद्यानाच्या यादीत फायकस इलॅस्टिका हे नाव आलं.

ती यादी सेरामपूरला छापून घेणारे गृहस्थ म्हणजे विल्यम केरी. पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश छापणारे तेच केरी. कोशाचं सालही १८१०. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथही केरींनीच छापून काढला. मराठीच्या इतिहासात केरींना जागा मिळते, वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात रॉक्सबर्ग यांना. पण चिकाचा लेप देऊन टोपली जलाभेद्य करण्याची युक्ती ज्या डोंगरी लोकांची, त्यांच्यातल्या कुणाचंही नाव कुठे नाही. माझ्या लेखी या झाडाचे खरे शोधक तेच. याच झाडाची मुळं ओढ्यांपलीकडे वळवत नेऊन खासी आणि जैंतिया लोकांनी जिवंत पूल उभे केले आहेत, तेही पिढ्यान्पिढ्या धीर धरून.

इंग्रजांनी या झाडाकडून पैसा मिळवून पाहिला. १८७३ च्या सुमारास आसामात चारद्वारला त्याची लागवडही केली. पण १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलहून हेवियाचं बी लंडनच्या क्यू उद्यानात पोचवलं आणि पुढे त्या सरस रबरापुढे आपल्या झाडाचा टिकाव लागला नाही. उरली ती त्याची चकचकीत पानं, आणि त्यांच्या बळावर ते दिवाणखान्यात शिरलं.

आता कुंडीकडे. रानात या झाडाचा जन्म बहुधा जमिनीवर होत नाही. पाखराच्या विष्ठेतलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथेच रुजतं आणि मुळं हळूहळू खाली सोडतं. जुन्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ डोकावतो ना, तोच हा खानदानी स्वभाव. मेघालयात चेरापुंजीला वर्षाकाठी अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, यवतमाळ जिल्ह्यात नऊशेच्या आसपास. पण त्या धो-धो पावसातही बेचक्यातल्या मुळांशी पाणी साचत नाही. निथळून जातं, मुळांना वारा लागतो, दोन सरींच्या मधे ती सुकतातही. म्हणून या झाडाला तहान सोसते, तुंबलेलं पाणी सोसत नाही.

आणि आपण कुंडीत भरतो काय? शेतातली काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी. कुंडीत तिच्यासारखी वैरीण नाही. भिजली की तिच्यातली चिकणमाती फुगते आणि हवेच्या वाटा बंद करते. सुकली की आक्रसून कुंडीच्या कडा सोडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकावाटे बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. काळी माती तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. बाकी जाड रेती किंवा बारीक मुरूम, आणि शेणखत वा कोकोपीट. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून पाहा, कोरडी लागली तरच पाणी. झाड अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर ते पाणी कमीच वापरतं, मग रोजचं पाणी साचत जातं आणि मुळं कुजतात. खालची पानं पिवळी पडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. खिडकीजवळचा भरपूर उजेड, सकाळचं कोवळं ऊन चालेल; मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र पानं करपवतं.

कूलरचा ओलावा झाडाला मानवतो, झोत मानवत नाही. कुंडी त्याच खोलीत ठेवा, पण झोताच्या वाटेतून बाजूला. एक सवय मात्र मोडा. पाणीटंचाईच्या दिवसांत कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालतात. काटकसर स्तुत्य, पण कूलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे टाकीत मागे राहतात. ताट्यांवर जमणारा पांढरा थर तोच. आरओ यंत्राच्या सांडपाण्याचंही तसंच. झरी जामणी, केळापूर भागात तर बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते आणखी दाट होतं. रबर प्लांट ते एक वेळ सोसेल, पण शेजारच्या स्पायडर प्लांटची टोकं करपली तर त्याचा दोष उन्हाला देऊ नका.

पानं पुसायची ती ओल्या फडक्याने. धुळीने पानांची छिद्रं बुजतात असं सर्रास सांगितलं जातं, पण या झाडाची छिद्रं पानाच्या पाठीला असतात. वरच्या धुळीने अडतो तो उजेड. (बी.एस्सी.ला याच पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून आतला चुनखडीचा घोस शोधणाऱ्यांना हे आठवत असेल.) चकाकीचे फवारे विकत घेण्याचं काहीच कारण नाही.

राहिला हवेचा प्रश्न. १९८९ मध्ये नासासाठी बिल वोल्व्हर्टन यांनी केलेले प्रयोग आज प्रत्येक रोपवाटिकेच्या पाटीवर आहेत. ते प्रयोग झाले हवाबंद पेटीत. तुमचं घर पेटी नव्हे. दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेरिंग यांनी २०१९ मध्ये अशा १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग पडताळले. घरातल्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कमाल १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. दहा बाय दहाच्या खोलीत नव्वदेक कुंड्या, त्याही कमीत कमी! ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ ही तर निव्वळ लोणकढी थाप.

तेव्हा ताई, पाणी थांबवा, कुंडी खिडकीशी न्या, माती तुंबत असेल तर बदला. गळलेल्या पानांच्या जागी पानं येणार नाहीत. नवी शेंड्याकडे, लालसर आवरणातून उलगडतील. झाड उघडंबोडकं दिसत असेल तर पावसाळ्यात शेंड्याखाली गुटी बांधा, खोडातून येणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, कातडीला लागला तर लगेच धुवा. आणि पुढे कधी ते छताला टेकलं, म्हणून अंगणात लावावंसं वाटलं, तर घराच्या पायापासून आणि विहिरीपासून चांगलं लांब लावा. वडाची जात आहे ती.