नोकरी सांभाळून वर्दी : प्रादेशिक सेना की नियमित सेना?

बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्याने जाताना माणेकशॉ परेड मैदान लागते. उल्सूर तलावाच्या काठी मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. या शहरात सैन्य डोळ्यांआड होतच नाही. म्हणूनच की काय, इथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत एक प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. मुलगा तिशीच्या घरात, संगणक कंपनीत चांगला पगार, फ्लॅटचे हप्ते सुरू. पण एन.सी.सी.त असताना मनात बसलेली वर्दी काही केल्या उतरत नाही. एके रात्री जेवताना तो म्हणतो, "आई, नोकरी न सोडताही सैन्यात अधिकारी होता येतं." आईचा घास हातातच राहतो आणि सूनबाई काही न बोलता ताटाकडे बघत बसते.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे.

ही सेना आहे तरी काय?

प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तिचे उद्घाटन केले. कल्पना साधी होती : एरवी आपापला व्यवसाय करणाऱ्या नागरिकांनी दरवर्षी काही काळ लष्करी शिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवून हजर व्हावे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या सेनेने काम केले. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न अशा तिच्या पलटणी पुणे आणि कोल्हापूर येथे आहेत. पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न १०६ वी पलटण तर बंगळूरचीच.

याच पलटणीबरोबर क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी २०१९ च्या जुलैअखेरपासून स्वातंत्र्यदिनापर्यंत काश्मीरमध्ये राहिला होता. मात्र त्याला २०११ मध्ये मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मानद आहे. सामान्य तरुणाने त्यावरून आपले गणित मांडू नये. त्याला लेखी परीक्षा, मुलाखत, सैन्य निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी या साऱ्या पायऱ्या चढाव्याच लागतात. सचिन पायलट २०१२ मध्ये केंद्रात मंत्री असतानाच या सेनेत अधिकारी झाले, तेही निवड प्रक्रियेतून.

वयाचा दरवाजा

दोन्ही वाटांमधला पहिला फरक वयाचा. नियमित सेनेत अधिकारी होण्याचे दरवाजे लवकर बंद होतात. अभियंत्यांसाठीच्या शॉर्ट सर्व्हिसची मर्यादाही साधारण सत्तावीस वर्षांपर्यंतच. प्रादेशिक सेनेत मात्र १८ ते ४२ या वयातील पदवीधर अर्ज करू शकतो. अट अशी की तो आधीपासून कमावता असला पाहिजे. आधी पोटापाण्याची सोय, मग वर्दी, असा हा नियमच आहे.

म्हणून बाविशीतल्या मुलाने "आधी नोकरी करू, सैन्याचे मग बघू" असे म्हणत दिवस घालवू नयेत. ज्याला सैन्यातच आयुष्य काढायचे आहे त्याने नियमित सेनेचाच दरवाजा ठोठवावा. प्रादेशिक सेना हा त्याला पर्याय नव्हे. तिशी ओलांडलेल्यासाठी मात्र बहुधा हा एकच दरवाजा उघडा असतो.

दोन महिने की दोन वर्षे?

खरा पेच पुढेच आहे. शहरी पलटणीत वर्षाला किमान दोन महिन्यांचे प्रशिक्षण असते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक शिक्षण आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचे अधिकारी प्रशिक्षण असते. सेवेवर असेपर्यंत पगार आणि भत्ते नियमित अधिकाऱ्याप्रमाणेच मिळतात.

पण "किमान" हा शब्द घरातल्या सर्वांनी नीट वाचावा. गरज पडली तर सरकार जास्त काळासाठी बोलावू शकते, आणि तेव्हा नाही म्हणता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने ३२ पैकी १४ पायदळ पलटणी सेवेवर बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, तेही फेब्रुवारी २०२८ पर्यंतच्या मुदतीसाठी. म्हणजे शनिवार-रविवारची हौस म्हणून याकडे पाहता येणार नाही. सीमेवरची गोळी समोरचा अधिकारी अर्धवेळ आहे की पूर्णवेळ, हे विचारत नाही.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. प्रत्यक्ष सेवेवर काढलेली वीस वर्षे भरली तरच अधिकाऱ्याला पेन्शन. वर्षाला दोन-तीन महिन्यांच्या हिशेबाने ती कशी भरणार? तेव्हा पेन्शनची आशा धरून कुणी यात पडू नये. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांची व्यवस्था आपल्या मूळ नोकरीतूनच करावी.

घरात विचारायचे प्रश्न

लष्करी सेवेवरून परतलेल्या माणसाला मालकाने पुन्हा कामावर घ्यावे, अशी तरतूद कायद्यात आहे. तरीही कागदावरचा हक्क आणि कचेरीतले वातावरण यांत अंतर असू शकते. अर्ज भरण्यापूर्वीच वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलावे. दोन महिने रजा मिळेल का? त्या काळात कंपनीचा पगार चालू राहील का? बढतीच्या वेळी ही गैरहजेरी आड येईल का? सरकारी नोकराला तर खात्याचे ना-हरकत पत्र लागतेच.

घरातले प्रश्नही तितकेच मोलाचे. फ्लॅटचा हप्ता एका पगारावर निभेल का? मुलांच्या परीक्षा, आजारी सासरे, रात्रीबेरात्रीचा दवाखाना हे सारे पत्नीने एकटीने पेलायचे, तर तिचा होकार आधी हवा. नियमित सैनिकाच्या कुटुंबाला छावणीतल्या शेजाराचा आधार असतो, पण संगणक अभियंत्याच्या सोसायटीत अशा वेळी शेजारच्या फ्लॅटचे दार वाजवायला ओळख तरी हवी. सासू-सासरे किंवा माहेर जवळ नसेल, तर मदतीला कोण येईल, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

हे सारे बोलून झाल्यावरही इच्छा कायम राहिली, तर अर्ज खुशाल भरावा. निवड झाली नाही तरी नोकरी हातची जात नाही. निवड झाली, तर निरोप देताना आईच्या डोळ्यांत पाणी येईलच. पण आपण कशाला "हो" म्हटले आहे, हे त्या घरात सर्वांना ठाऊक असेल.