मंत्रिपद आणि रोग्याची खाट

रोग्याच्या उशाशी बसणारा डॉक्टर राज्यकर्त्याच्या आसनावर बसला, तर राष्ट्राचे आरोग्य सुधारते काय? हा प्रश्न आपल्या देशात केवळ तात्त्विक नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीने अनेक निष्णात डॉक्टर राजकारणात आणले. डॉ. बिधनचंद्र रॉय बंगालचे व डॉ. जीवराज मेहता गुजरातचे मुख्यमंत्री झाले. परंतु या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तर आम्हांस डॉ. सुशीला नायर यांच्या चरित्रात आढळते.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेल्या सुशीलाबाई गांधीजींच्या सान्निध्यात सेवाग्रामी आल्या आणि पटकीच्या साथीशी झुंजल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कस्तुरबांसमवेत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात महादेवभाई देसाई व पुढे १९४४ मध्ये कस्तुरबा, या दोघांचाही मृत्यू त्यांना पाहावा लागला. नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९५२ मध्ये त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या, १९५७ मध्ये झाशीहून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. या पदासाठी याहून अधिक योग्य पूर्वतयारी कल्पिता येणे कठीण.

आणि तरीही त्यांच्याच कारकीर्दीत, १९६५ मध्ये, कुटुंबनियोजनासाठी ‘लूप’चा देशव्यापी प्रसार सुरू झाला, तेव्हा काय घडले? प्रारंभीच्या उत्साहानंतर रक्तस्रावाच्या व वेदनांच्या तक्रारी वाढल्या. लूप बसविलेल्या स्त्रीची मागाहून विचारपूस करील असा डॉक्टर बहुतेक खेड्यांत नव्हताच. साहजिकच लोकांचा विश्वास उडाला. याचा दोष एकट्या मंत्र्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु दिल्लीचा आदेश खेड्यात पोहोचतो आणि डॉक्टर मात्र पोहोचत नाही, हे कटू सत्य त्या अनुभवाने उघडे पाडले, हे नमूद करणे प्राप्त आहे.

सुशीलाबाईंचे मोठेपण त्यापुढील आहे. मंत्रिपद गेल्यावर १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामलाच वैद्यकीय महाविद्यालय काढले. नवागत विद्यार्थ्याने प्रथम आश्रमात राहावे आणि प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन तेथील कुटुंबांची ओळख करून घ्यावी, ही तेथील शिस्त. खेड्याला डॉक्टर हवा असेल तर तो खेड्यातच घडविला पाहिजे, हा त्यामागील साधा विचार होय. २००१ मध्ये त्या निवर्तल्या. संस्था उभी आहे.

मंत्रिपदे निरर्थक होती, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. शासनाच्या साहाय्यावाचून अशी संस्था उभी राहत नाही. परंतु आरोग्यखात्याची परीक्षा इमारती आणि उद्दिष्टांचे आकडे यांवर न करता, आडगावच्या बाळंतिणीजवळ वेळेवर कोण पोहोचले, यावर केली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयांतील तज्ज्ञांच्या जागा आजही मोठ्या प्रमाणावर रिकाम्या असताना ही कसोटी शासनास लावावी तशी आपणा शहरवासीयांनाही लावावी लागेल. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले डॉक्टर होतात. त्यांतील किती जण खेड्याची वाट धरतात, आणि धरू पाहणाऱ्यास घरातूनच किती विरोध होतो? मंत्र्यांना जाब विचारण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे.