वरच्या दुधाचे माप

एरवी आकाशवाणीवर मला बोलावतात ते कविता वाचायला. या वेळी विषय मीच सुचवला, पावडरच्या दुधाचा. कार्यक्रम अधिकारी जरा हसले. पण घरात एखादे तान्हे वरच्या दुधावर असले, की रात्री तीन वाजता त्या घरात याहून मोठा विषय नसतो.

२०१९च्या पावसाळ्यात माझ्या मुलीला मुलगा झाला. सिझेरियन, त्यात रक्तस्राव इतका झाला की पोरगी आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. नंतर डॉक्टरांनी, परिचारिकांनी पुष्कळ प्रयत्न केले, मी मेथीचे लाडू केले, अळिवाची खीर केली; दूध काही आले नाही. अंगावरचे दूध मिळत असेल तर पावडरच्या वाटेला जाऊच नये. आम्हाला दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलेला डबा घरी आला आणि मुलीने तो तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला. बाळ बघायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो ना, ‘अंगावर पितो ना गं?’

बाळ दूध ओढायचे, झोपायचे, तासाभरात पुन्हा रडायचे. शू मात्र भरपूर. म्हणून मला वाटायचे, दूध पुरते आहे. तान्ह्याचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे भरून येते. आमचे बाळ विसाव्या दिवशीही तिथवर पोचले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी ना डबा बदलला, ना टॉनिक लिहिले. म्हणाल्या, ‘आजी, दूध कसे करता ते मला करून दाखवा.’ मी दाखवले. ९० मिली पाणी, दोन चमचे पावडर. आमच्या डब्यावर लिहिले होते, ३० मिलीला एक चमचा. म्हणजे तीन हवे होते. मी मुद्दाम पातळ करत होते. इतकुसा जीव, घट्ट दूध पोटाला जड जाईल! गाईच्या दुधात पाणी घालून पाजायची आईच्या वेळची रीत डोक्यात बसलेली. बी.ए. झालेली बाई मी, पण डब्यावरचा तक्ता नीट वाचला नव्हता. बाळाच्या तोंडचा तिसरा घास मी रोज माझ्या हाताने काढून घेत होते.

पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. पाणी फारच झाले तर रक्तातले मीठ उतरून बाळाला झटकेही येऊ शकतात. उलटी चूकही घडते. बाळ गुटगुटीत व्हावे म्हणून काही घरांत शीग लावून चमचे घालतात. त्याने शी घट्ट होते, कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. बाळ तहानेने रडते आणि घरचे भूक समजून तेच दाट दूध पुन्हा पाजतात!

चमचा त्याच डब्यातला घ्यावा, कारण प्रत्येक कंपनीचे माप वेगळे. तो दाबून भरू नये, सुरीच्या पाठीने सपाट करावा. आधी पाणी, मग पावडर. उलट केले तर पाणी कमी पडते. सीलबंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की उकळलेले पाणी निदान ७० अंश गरम असतानाच पावडर घालावी, म्हणजे पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. केलेले दूध बाहेर राहिले तर दोन तासांत संपवावे. बाळाने उष्टे ठेवलेले लगेच ओतावे. ओतताना माझा जीव तुटायचा, डबा काही स्वस्त नसतो.

बाटलीचे निपल म्हणजे रोगाचे घर, घासून उकळल्याशिवाय साफ होत नाही. वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले त्यापेक्षा सोपे. पाजताना बाळाचे डोके उंच असावे, नंतर ढेकर काढावी. थोडे दूध टाकले तर घाबरू नये आणि दर आठवड्याला डबा तर बदलूच नये. गुटी नको, मध नको, वरचे पाणीही नको. पण ओकारी हिरवी झाली, शीतून रक्त गेले, शू कमी झाली, टाळू खोल गेली, ताप आला किंवा बाळ मलूल पडले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आईचे दूध सर्वोत्तम, असे या डब्यांवर छापावेच लागते. १९९२चा कायदा आहे. जाहिरातीलाही बंदी आहे. कायदा योग्यच आहे, या डब्यांच्या नादाने जगभर पुष्कळ मुले दगावली आहेत. पण माझी पोर ते वाक्य दर तीन तासांनी वाचत होती आणि कोणाला काही विचारत नव्हती. आमच्याकडे पैगंबरसाहेबांना दूध पाजणाऱ्या हलीमा दाईचे नाव किती आदराने घेतात! तरी त्या वेळी ते मला सुचले नाही. डबा लपला नसता, तर शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईने माझी चूक पहिल्या दिवशीच पकडली असती.

आम्ही डबा ओट्यावर आणला. माप कागदावर लिहून भिंतीला चिकटवले; रात्रीचे दूध जावई करू लागले. महिन्याभराने शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, ‘नाही काकू, डब्याचे पितो. नव्वदला तीन चमचे.’