केबल बसते, पण चित्र येत नाही : लॅपटॉप-मॉनिटरसाठी यूएसबी-सी केबल कशी निवडावी?

नवा मॉनिटर, चांगला लॅपटॉप, दोन्हीकडे यूएसबी-सीचं पोर्ट आणि केबलही दोन्हीकडे व्यवस्थित बसलेली. तरी पडद्यावर 'नो सिग्नल'. ही तक्रार आम्ही पालकांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून आणि आमच्याच स्टाफरूममधून पुष्कळदा ऐकली आहे. कुणी मॉनिटर परत पाठवतो, कुणी लॅपटॉप दुरुस्तीला नेतो आणि नुसत्या तपासणीचे पैसे देऊन येतो. दोन्ही वस्तू ठणठणीत असतात. केबलही बिघडलेली नसते. ती या कामाची नसते, एवढंच.

घरून काम करणारी मुलं, कोडिंग शिकणारे विद्यार्थी, हिशेब लिहिणारे, आता सगळ्यांनाच मोठा पडदा लागतो. आमच्यासारख्या दोन भाषांत काम करणाऱ्यांना तर एका पडद्यावर मराठी मजकूर आणि दुसऱ्यावर उजवीकडून डावीकडे जाणारा उर्दू पेपर उघडा असला की निम्मं काम हलकं होतं. त्यात चाळिशी लागलेली! त्यामुळे हा खर्च वाया जाऊ नये म्हणून थोडं समजून घेऊ.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. २०१४ साली हा आकार ठरला. कसंही उलटं-सुलटं लावा, बसतो. या तोंडात २४ पिना असतात, पण प्रत्येक केबलमध्ये त्या सगळ्यांना तारा जोडलेल्या असतातच असं नाही. मोबाइल चार्ज करायच्या साध्या केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा, ओळख पटवणारी एक तार आणि जुन्या यूएसबी २.० ची एक जोडी, इतकाच मामला असतो. या जोडीचा वेग जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. मॉनिटरचं चित्र या जोडीतून जातच नाही. ते वेगवान तारांच्या वेगळ्या जोड्यांमधून जातं. पूर्ण केबलमध्ये अशा चार जोड्या असतात, चार्जिंगच्या केबलमध्ये एकही नसते. मग चित्र येणार कुठून? केबल शंभर रुपयांची असो की हजाराची, जाड असो की कापडी विणीची, आत जोड्या नसतील तर ती इथे बेकार. अ‍ॅपलसारखी महागडी कंपनी लॅपटॉपबरोबर जी चार्जिंगची केबल देते, तिच्यातूनही मॉनिटरला चित्र जात नाही.

आता केबल घ्यायला जाण्याआधी लॅपटॉप पाहा. बरेच लोक इथेच गफलत करतात. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडण्याची सोय कंपनीने ठेवलेली असावी लागते. तिला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' म्हणतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधी कधी ते पोर्ट फक्त पेन ड्राइव्ह वगैरेसाठी असतं. पोर्टजवळ इंग्रजी डी आणि पी एकत्र गुंफल्यासारखी खूण असेल, किंवा बाणासारखी टोकदार वीज म्हणजे थंडरबोल्टची खूण असेल, तर काम होईल. नुसती बॅटरीची किंवा प्लगची खूण चार्जिंगची असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर पोर्टची माहिती वाचा. 'फक्त डेटा' असं लिहिलं असेल तर जगातली कुठलीही साधी केबल तिथून चित्र काढू शकत नाही. अशा वेळी लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट वापरा आणि मोकळे व्हा. यूएसबी-सी नसण्यात काही कमीपणा नाही. आणखी एक : लॅपटॉपला यूएसबी-सीची दोन पोर्टं असतील तर दोन्हींचं काम सारखंच असेल असं धरून चालू नका.

पोर्टची खात्री झाली की केबल. दुकानदाराला 'टाइप-सी टू टाइप-सी द्या' म्हटलं तर तो चार्जिंगचीच देणार, त्याचा दोष नाही. 'मॉनिटरला चित्र जाणारी द्या' असं स्पष्ट सांगा आणि पाकिटावर व्हिडिओ किंवा फोर-के असं लिहिलंय का आणि डेटाचा वेग किती दिलाय, ते वाचा. ४८० मेगाबिट असेल, किंवा वेगाचा उल्लेखच नसून फक्त वॉट लिहिले असतील, तर ठेवून द्या. १०० वॉट किंवा २४० वॉट हा आकडा विजेचा आहे. २४० वॉटची केबलसुद्धा आतून यूएसबी २.० ची असू शकते, आणि बाजारात अशा भरपूर आहेत.

वेगाचा हिशेब असा. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नवं होतं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट. फोर-के मॉनिटरवर ठिपके चौपट, म्हणून सुमारे १२ गिगाबिट. मग हुशार विद्यार्थी विचारतो, १० गिगाबिटच्या केबलमधून १२ कसे जातील? प्रश्न बरोबर आहे. तो १० चा आकडा डेटा जाण्या-येण्याचा, एका दिशेला एक जोडी धरून सांगितलेला असतो. चित्र पाठवताना चारही जोड्या एकाच दिशेला, मॉनिटरकडे, लावता येतात. म्हणून १० गिगाबिटची चांगली केबल ६० हर्ट्झच्या फोर-के मॉनिटरला पुरते.

मात्र मॉनिटरलाच यूएसबीची पोर्टं असतील आणि त्यांना वेगवान डेटा हवा असेल, तर चारपैकी दोन जोड्या तिकडे जातात. मग काही फोर-के मॉनिटर ६० ऐवजी ३० हर्ट्झवर येतात आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. अशा मॉनिटरच्या मेनूत यूएसबी ३ की यूएसबी २ असा पर्याय बहुधा असतो. यूएसबी २ निवडला की चारही जोड्या चित्राला मिळतात. नवी केबल आणायची गरज नाही.

विजेचंही बघा. एकाच केबलने चित्रही जावं आणि मॉनिटरकडून लॅपटॉप चार्जही व्हावा, ही यूएसबी-सीची खरी मजा. टेबलावर एकच वायर. साधी केबल ६० वॉटपर्यंत चालते, त्यापुढे आत ओळख सांगणारी चिप लागते. तुमच्या लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा असेल तर १०० वॉट किंवा त्याहून जास्तीची केबल घ्या. आणि मॉनिटर किती वॉट देतो तेही पाहा. तो १५ वॉटच देत असेल तर केबलने काय करावं?

लांबीचा मोह टाळा. वेगवान सिग्नल लांब तारेत कमजोर होतो. टेबलावरच्या कामाला एक मीटर पुष्कळ. ती कमी पडते म्हणून यूएसबी-सीची एक्स्टेन्शन वायर जोडू नका, नियमावलीत अशा वायरला जागाच नाही.

थंडरबोल्ट ४ ची केबल घेतली तर चित्र, डेटा, वीज सगळं होतं, वेग ४० गिगाबिट. पण एका फुल एचडी मॉनिटरसाठी इतके पैसे घालवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने किंवा डॉकवर दोन मोठे मॉनिटर लावणाऱ्याने ती जरूर घ्यावी.

मॉनिटर जुना असून त्याला फक्त एचडीएमआय असेल तर यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल मिळते. लॅपटॉपच्या पोर्टची अट तिलाही तीच. शिवाय ही केबल बहुधा एकाच दिशेने चालते. लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे चित्र जाईल, लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या यूएसबी-सीकडे जाणार नाही.

आणि मॉनिटरबरोबर खोक्यात यूएसबी-सी केबल आली असेल तर आधी तीच लावून पाहा, बरेच लोक ती तशीच कपाटात टाकतात. मॉनिटरच्या बटणांनी इनपुटमध्ये टाइप-सी निवडा, लॅपटॉपवर विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' करा. चित्र आलं की त्या केबलच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर आठ दिवसांत घरातलं कुणीतरी ती मोबाइल चार्जिंगला नेईल.