साथ आली तरी मनाचे औषध तुटू नये

कोरोनाच्या काळात घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजला जात होता. ज्या घरात मानसिक आजाराचा रुग्ण होता, तिथे शिल्लक गोळ्याही मोजाव्या लागत होत्या.

२३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. पुढे ती सुरू झाली, तीही आधी फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. पनवेलहून ठाण्याच्या मनोरुग्णालयात किंवा मुंबईच्या सरकारी रुग्णालयात जाणाऱ्या गरिबाची वाटच खुंटली. इथले उपजिल्हा रुग्णालयही कोविडसाठी राखले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी १३० देशांची पाहणी केली. त्यांतल्या ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत किंवा बंद झाल्या होत्या.

मनाच्या आजाराचे औषध डोकेदुखीच्या गोळीसारखे नसते. ते अचानक थांबले तर झोप उडते, बेचैनी वाढते, आटोक्यात आलेले भास आणि संशय परततात. 'बरे वाटते' म्हणूनही ते आपल्या मनाने बंद करू नये.

२५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमुळे डॉक्टरांना फोनवरून आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याची स्पष्ट चौकट मिळाली. सोय चांगली, पण एका खोलीत सहा माणसे आणि घरात एकच मोबाईल असेल, तर सुनेने मनातले कुणासमोर बोलायचे? म्हणून अशा वेळी रुग्णाला थोडा एकांत देणे हीदेखील शुश्रूषाच आहे.

आता १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

हे उपकार नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने परवडणारे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. त्यात जात, धर्म, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. अत्यावश्यक यादीतली औषधे सरकारी ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या रुग्णालयांत मोफत मिळावीत, असेही हा कायदा सांगतो.

आपण एवढे करू या :
• औषधाच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा.
• आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय करावी.
• गाडी बंद पडली तर गोळ्या कुठून आणायच्या, हे डॉक्टरांना आजच विचारावे.
• जीव देण्याची भाषा कानावर आली तर त्या माणसाला एकटे सोडू नये. लगेच रुग्णालय गाठावे.
• विहाराच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा.