जळाखालचे गाव आणि आजीची गोष्ट

‘इतिहास’ हा शब्द संस्कृतात तीन लहान पदांचा बनलेला आहे : इति, ह, आस. ‘असे खरोखर होते’ एवढाच त्याचा अर्थ. आपल्या पूर्वजांनी महाभारतासारख्या अद्भुताने भरलेल्या ग्रंथालाही इतिहास म्हटले, याचे आजच्या तरुणांस नवल वाटते. गोष्ट म्हणजे कल्पना आणि इतिहास म्हणजे सत्य, अशी वाटणी करून आपण मोकळे झालो आहोत. परंतु ही वाटणी वाटते तितकी सरळ नाही.

आषाढी एकादशीस लक्षावधी वारकरी चंद्रभागेत स्नान करतात. ही नदी म्हणजे भीमाच. पंढरीत ती चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणावयाचे. तिच्या वरच्या अंगास माढे तालुक्यात उजनीचे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर हे नाव आहे. कित्येक वर्षी आषाढीच्या सुमारास चंद्रभागेच्या पात्रात वाहते ते पाणी याच धरणातून सोडलेले असते. म्हणजे आपल्या पुण्यस्नानाची एक कळ दूर उजनीच्या दारांशी आहे. आता त्या दारांच्या मागे काय आहे ते पाहू.

आमच्याकडे संस्कृत शिकावयास येणारी एक पंधरा वर्षांची मुलगी आहे. बुद्धी तल्लख, आणि प्रत्येक गोष्टीस प्रमाण मागण्याची सवय. तिची आजी इंदापूर तालुक्यातील पळसदेव गावची सून. आजी तिला लहानपणी निजवताना मोठ्या विलक्षण कथा सांगे. आमचे गाव पाण्याखाली नांदते, घरांच्या उंबऱ्यांवरून मासे ये-जा करतात. हिवाळ्यात दूरदेशीहून तांबूस पंखांचे पक्षी येतात आणि आमच्या शेतांवर उतरतात. आणि मुलखात पाण्याची टंचाई झाली म्हणजे आमचा महादेव जळातून डोके वर काढून आभाळाकडे पाहतो. मुलगी मोठी झाली तशी या कथांना हसू लागली. आजीही तिच्याबरोबर हसे.

पुढे २०२४ चा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता आणि उजनीचा साठा उणे झाला होता. या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या तोंडाखाली राहणारे पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली म्हणजे ‘उणे’ म्हणतात. तशी ती पुरेशी खाली गेली आणि पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्याबाहेर आले. मुलगी मामाबरोबर ते पाहावयास गेली. विटांचे शिखर, दगडी सभामंडप आणि वीरगळ तिने पाहिले. भेगाळलेल्या गाळात घरांची जोती दिसत होती. ज्या उंबऱ्यांवरून मासे ये-जा करीत, तेथे ती उभी होती.

तांबूस पक्ष्यांचा उलगडाही तिला तेथेच झाला. भिगवणच्या उथळ पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हे तिला शाळेच्या पुस्तकाने आधीच सांगितले होते. मात्र ती पाणथळ ज्या जमिनींवर पसरली आहे त्या कुणाच्या होत्या, हे त्या पुस्तकात नव्हते.

घरी परतल्यावर तिने आजीच्या परवानगीने जुनी ट्रंक उघडली. तीत भूसंपादनाची नोटीस होती आणि मोबदल्याची पावती होती. पावतीवर आजोबांचा अंगठा होता. आजीची एकही कथा खोटी नव्हती. फक्त एक प्रसंग तिने प्रत्येक वेळी गाळला होता : पाणी चढू लागले तो दिवस. मुलीने विचारले, “आजी, हे कधी का नाही सांगितलंस?” आजी म्हणाली, “गोष्ट सांगितली म्हंजी तू हसायचीस, पोरी. हे सांगाया बसले असते तर मला रडू आलं असतं.”

श्रोतेहो, नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग आणि मग उत्तररंग असतो. पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण व्हावयाचे आणि उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान लावावयाचे. या माउलीने वर्षानुवर्षे केवळ आख्यान सांगितले आणि पूर्वरंग पोटात ठेवला. तो सांगण्यास तिला कोणी विचारलेही नाही.

धरण वाईट होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. सोलापूर शहराची तहान त्याने भागविली, जिल्ह्यात ऊस उभा केला. ज्यांच्या गावांवर ते पाणी उभे राहिले त्यांचे ऋण मात्र आपल्या हिशेबात क्वचितच येते. महाराष्ट्रात प्रकल्पविस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. तेव्हा उजनीचे काम सुरू होऊन वर्षे लोटली होती. पळसदेवचे लोक नव्या गावठाणात गेले आणि आपल्या पळसनाथालाही त्यांनी तेथे नेले. शेत, विहीर, पार आणि पूर्वजांची स्मशानभूमी मात्र सोबत नेता येत नाही. ज्या पिढीने हे सारे डोळ्यांनी पाहिले ती आज सत्तरीत, ऐंशीत आहे. ती गेली म्हणजे देऊळ उन्हाळ्यात वर येईल, पण त्याच्या भोवतीचे गाव कुणाला दिसणार नाही.

आमची विद्यार्थिनी आता दर रविवारी आजीजवळ वही घेऊन बसते. कोणाचे घर कोठे होते, वेशीतून देवळाकडे वाट कशी जाई, नांगराचा पहिला तास कोणत्या शेतात धरीत, हे ती लिहून घेते. आजी कधी सांगते, कधी मधेच थांबते. थांबली की मुलगी घाई करीत नाही. ‘इति ह आस’ या तीन पदांचा अर्थ आमच्या शिकवणीपेक्षा या वहीने तिला अधिक नीट शिकविला आहे.

वाचकहो, यंदा चंद्रभागेत उतराल तेव्हा पहिली ओंजळ त्या बुडालेल्या गावांच्या नावाने सोडा. आणि वारीहून परत गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली एखादी अशक्य वाटणारी गोष्ट आठवा. ती त्यांना पुन्हा सांगावयास लावा, आणि त्यात न सांगितलेले काय राहिले आहे ते हळूच विचारा.