गुरांची वाट, पाण्याची वाट

भाताची झोडणी आटोपली की चिखले, घोलवड, बोर्डीकडची मंडळी पोराबाळांसह बारडाच्या डोंगरावर निघतात. अस्वालीमागचा हा डोंगर सुमारे दीड हजार फूट उंच. वर बहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशी बांधवांनी आपला पवित्र इराणशहा अग्नी बारा वर्षे इथे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. १७४२ सालापासून तो उदवाड्यास आहे.

जरूर जा. पण मळलेली वाट सोडून माथा गाठायचा असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

मी सोंडेने चढलो, ते ठीक झाले. उतरताना मात्र घाई केली. समोर कोरडी घळ दिसली. वाटले, पाणी खाली जाते तर आपणही जाऊ. अर्ध्या तासात पायाखाली कडा आला! खाली उतरता येईना, वर घसाऱ्यावरून चढता येईना, आणि दिवस कलला. गवत कापणाऱ्या एका म्हातारबाबांनी हाक ऐकली व मला आडव्या पायवाटेने बाहेर काढले. ती वाट गुरांची होती.

बांधबंदिस्ती शिकवण्यात माझी उमर गेली, तरी हे मला डोंगरावर सुचले नाही. पाणी सर्वांत तीव्र उताराने धावते. आपल्या डोंगरांत काळ्या दगडाचे थर एकावर एक आहेत; थर संपला की पाणी उडी घेते. माणसाला ती घेता येत नाही. गुरे मात्र उताराला आडवी चालतात व संध्याकाळी घरी पोचतात.

म्हणून एवढे सांभाळा. पहाटे निघा, दुपार टळण्याआधी उतरायला लागा. पाणी घरूनच न्या. अस्वालीच्या पाड्यावर विचारून जा; जमल्यास तिथलाच माणूस सोबत घ्या. चढताना वरचेवर मागे वळून खुणा पाहा, कारण उतरताना तोच डोंगर निराळा दिसतो. वाळलेल्या गवताखाली सुटे दगड असतात, काठीने चाचपा. विडी-काडी पेटवू नका. एका ठिणगीने वणवा लागतो आणि पाड्यावरच्या गुरांची वैरण जाते.

आणि वाट चुकलीच, तर खाली धावू नका. आल्या खुणांनी पुन्हा वर सोंडेवर या. दमछाक होईल, पण घरी पोचाल.